जुन्या संगणकावर वेबपान का मोडते? दर्शनदोषांचा इतिहास आणि घरगुती उपाय



अनेक घरांत आजही एकच संगणक असतो आणि तो जुना असतो. मोठ्या भावाच्या किंवा बहिणीच्या शिक्षणासाठी घेतलेला, मग धाकट्यांकडे आलेला. शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा परीक्षेचा निकाल पाहण्यासाठी तुम्ही तो सुरू करता. एका संकेतस्थळावर मराठी अक्षरांच्या जागी चौकोनी डबे दिसतात. दुसऱ्यावर सगळा मजकूर डाव्या कडेला गोळा झालेला असतो. तिसरे पान पांढरे कोरे राहते. चौथे उघडतच नाही, 'ही जोडणी सुरक्षित नाही' अशी सूचना येते. घरातले म्हणतात, "संगणक गेला, आता नवा घ्यावा लागेल."

नवा संगणक घेणे प्रत्येक घराला शक्य नसते आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते. वरच्या चारही प्रसंगांत यंत्र चालू आहे, पडदा चालू आहे, इंटरनेटही येत आहे. बिघडले आहे ते पान तयार करणाऱ्याच्या आणि पान दाखवणाऱ्याच्या मधले एकमत. हे एकमत एकदम झालेले नाही. लिपी कशी साठवायची, मांडणी कशी सांगायची, आज्ञावली कशी चालवायची आणि समोरच्यावर विश्वास कसा ठेवायचा, हे वेगवेगळ्या वर्षी ठरले आणि नंतर बदलले. म्हणून प्रत्येक दोषाला एक तारीख असते. ती ओळखता आली तर दोष कुठे आहे, तो घरी दुरुस्त होईल की नाही, हेही कळते. या पाठात आपण हा इतिहास थरांप्रमाणे पाहू आणि शेवटी निदानाचा क्रम लावू.

१. पहिला संकेत: जे कळत नाही ते सोडून द्या

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला. सर्नमध्ये वेगवेगळ्या देशांतून आलेले शास्त्रज्ञ वेगवेगळे संगणक वापरत. एकाचे टिपण दुसऱ्याच्या यंत्रावर वाचता येत नसे. म्हणजे वेबचा जन्मच मुळी 'माझ्या संगणकावर दिसत नाही' या तक्रारीतून झाला.

त्यावर काढलेला तोडगा साधा होता. पानात मजकूर ठेवायचा आणि त्याभोवती खुणा करायच्या: हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा. शीर्षक किती मोठे दाखवायचे हे ब्राउझरने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवायचे. एखादी खूण ब्राउझरला कळली नाही तर त्याने ती वगळायची, पण आतला मजकूर दाखवायचा. पुढे सीएसएस या मांडणीच्या भाषेनेही हाच नियम घेतला. न कळलेली ओळ गाळायची आणि पुढे जायचे.

हा नियम लक्षात ठेवा, कारण पुढचे बहुतेक दोष तो पाळला की न पाळला यावर अवलंबून आहेत. सर्नने २०१३ मध्ये जगातले पहिले संकेतस्थळ त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उपलब्ध केले. ते आजच्या ब्राउझरमध्ये व्यवस्थित वाचता येते आणि जुन्यातही येते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केले. सुरुवातीच्या काळात 'शेल' प्रकारची जोडणी घेणाऱ्यांना चित्रे दिसत नसत, पडद्यावर फक्त अक्षरे उमटत. तरीही पाने वाचता येत, ती याच नियमामुळे.

२. मांडणीचा थर: १९९५ ते २००६

हाकोन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून मान्य झाली. तोवर नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर यांची स्पर्धा पेटली होती. दोघेही आपापल्या खुणा वाढवत होते आणि एकच नियम वेगळ्या रीतीने पाळत होते.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या चौकटीची रुंदी ३०० बिंदू सांगितली, आतली मोकळी जागा प्रत्येक बाजूला २० आणि कडेची रेघ ५. प्रमाणानुसार ३०० ही फक्त मजकुराची रुंदी, म्हणजे पूर्ण चौकट ३५० बिंदूंची होते. इंटरनेट एक्सप्लोरर ५ मात्र रेघ आणि मोकळी जागा धरून ३०० मोजत असे. एकाच पानातली चौकट दोन ब्राउझरांत ५० बिंदूंनी वेगळी! तीन चौकटी शेजारी बसवल्या असतील तर तिसरी खाली घसरणारच.

यावर २००० च्या सुमारास तडजोड निघाली. पानाच्या पहिल्या ओळीत प्रमाणाची घोषणा असेल तर नव्या नियमाने दाखवायचे, नसेल तर जुन्या सवयीने. ही दुहेरी पद्धत आजच्या ब्राउझरांतही आहे. त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट घडली: नवा ब्राउझर जुने पान दाखवू शकतो, पण जुना ब्राउझर नवे पान पूर्णपणे दाखवू शकेल याची हमी नाही.

इंटरनेट एक्सप्लोरर ६ ऑगस्ट २००१ मध्ये आला, पुढची आवृत्ती ऑक्टोबर २००६ मध्ये. मधल्या पाच वर्षांत बहुतेक पाने त्याच्याच सवयी डोळ्यांपुढे ठेवून लिहिली गेली. पानाच्या तळाशी 'हे संकेतस्थळ ८०० गुणिले ६०० वर उत्तम दिसते' अशी ओळ असे. तिचा अर्थ असा, की जुळवून घेण्याचे काम वाचकाचे. इथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह' मांडणीची कल्पना मांडली, तेव्हा हे काम पुन्हा पानाकडे आले. पडद्याची रुंदी पाहून पानाने स्वतःला जुळवून घ्यायचे.

आज जुन्या संगणकावर मांडणी कोसळलेली दिसते तेव्हा दोन शक्यता असतात. पहिली, पान 'ग्रिड'सारख्या नव्या रचनेत लिहिलेले असते. ही सोय क्रोम आणि फायरफॉक्समध्ये मार्च २०१७ मध्ये आली. विंडोज एक्सपीवर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती ४९ ही त्याआधीची, तर फायरफॉक्सची ५२ ही नेमकी त्याच महिन्यातली. म्हणून एकाच एक्सपी संगणकावर एकच पान क्रोममध्ये विस्कटते आणि फायरफॉक्समध्ये सरळ दिसते. दुसरी शक्यता, मांडणीची फाइल वेगळ्या सर्व्हरवरून येते आणि तो सर्व्हर तुमच्या संगणकाला ओळखू येत नाही. अशा वेळी पान मांडणीशिवाय, सलग मजकुरासारखे दिसते. याचे कारण विश्वासाच्या थरात आहे, ते पाचव्या भागात पाहू.

मजकूर एकमेकांवर चढला असेल तर घरच्या घरी तीन गोष्टी करता येतात. कंट्रोल आणि उणे ही बटणे दाबून पान लहान करा. १०२४ बिंदू रुंदीच्या पडद्यावर एवढ्यानेही मांडणी जागेवर येते. फायरफॉक्समध्ये ऑल्ट दाबून वरचा मेनू आणा आणि 'व्ह्यू'मधून पानाची शैली बंद करा. किंवा वाचनाची सोय असेल तर 'रीडर व्ह्यू' वापरा. दिसायला पान साधे होईल, पण वाचता येईल.

३. लिपीचा थर: १९८८ ते २०१०

आपल्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा थर आहे, कारण इंग्रजी पान वाचणाऱ्याला यातला एकही दोष दिसत नाही.

भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतावली तयार झाली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ती आयएस १३१९४ म्हणून स्वीकारली. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णव्यवस्था समान आहे, हे ओळखून तिच्यात 'क'साठी सर्व लिप्यांत एकच क्रमांक ठेवला होता. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने या दिशेने मोठे काम केले. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तिने देवनागरी, बंगाली, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा लिप्यांना स्वतंत्र विभाग दिले, पण त्यांतला क्रम इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून घेतला.

प्रमाण होते, पण घरच्या विंडोज ९५ आणि ९८ मध्ये देवनागरी दाखवण्याची सोय नव्हती. मग छपाईच्या व्यवसायात रुळलेली युक्ती वेबवर आली: फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवायचा. कृती देव, शिवाजी, शुषा, श्री-लिपी अशा कुळांतल्या फॉन्टांनी हेच केले. कृती देवमध्ये 'हिंदी' हा शब्द एफ, जी, ए, एन, एच या पाच इंग्रजी अक्षरांनी साठवला जातो. एफच्या जागी पहिली वेलांटी, जीच्या जागी ह, एच्या जागी अनुस्वार, एनच्या जागी द आणि एचच्या जागी दुसरी वेलांटी. डोळ्यांना 'हिंदी' दिसते, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरांचे कडबोळे असते. शिवाय प्रत्येक फॉन्टकुळाची बैठक वेगळी. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये निरर्थक होतो.

वाचकाकडे फॉन्ट नसेल तर काय? १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ४ ने पानासोबत फॉन्ट पाठवण्याची ईओटी ही पद्धत आणली. अनेक भारतीय भाषांतली पाने तिच्यावर चालू लागली. पण ती इतर ब्राउझरांनी स्वीकारली नाही, म्हणून तेच पान फायरफॉक्समध्ये उघडले की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसे.

युनिकोड देवनागरी विंडोजमध्ये विंडोज २००० पासून आली. तिच्यासोबत मंगल हा फॉन्ट आणि 'युनिस्क्राइब' हा अक्षरजुळणीचा भाग होता. अक्षरजुळणी म्हणजे काय, ते समजून घ्या. युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी क आणि मग वेलांटी ठेवली जाते, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. दाखवताना मात्र वेलांटी क-च्या डावीकडे न्यावी लागते. 'क्ष', 'त्र' ही जोडाक्षरे घडवावी लागतात, 'र्क'मधला रफार वर चढवावा लागतो. हे काम करणारा भाग नसेल तर फॉन्ट असूनही 'कि' उलटी दिसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात. विंडोज एक्सपीच्या इंग्रजी आवृत्तीत ही सोय असे, पण बंद. कंट्रोल पॅनेलमधल्या प्रादेशिक व भाषाविषयक पर्यायांत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकटीत खूण करावी लागे आणि मग संगणक मूळ सीडी मागे. ज्या घरात सीडी नव्हती तिथे मराठी मोडकीच राहिली. विस्टापासून ही अडचण संपली. पुढे फायरफॉक्स आणि क्रोम यांनी 'हार्फबझ' हे मुक्त अक्षरजुळणी साधन स्वतःमध्येच घेतले.

या थराची शेवटची दोन वर्षे आपल्याला जवळची आहेत. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये एप्रिल २००८ मध्ये आले आणि महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने ते मराठी वर्णमालेत घेतले. रुपयाचे ₹ हे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले, युनिकोडमध्ये ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आले. २००१ च्या फॉन्टला यांतले काहीच माहीत नाही. म्हणून सगळे पान नीट आणि फक्त 'ॲप', 'ॲडमिशन' यांच्या सुरुवातीला किंवा शुल्काच्या आकड्याआधी डबा, असे दिसले तर नवा फॉन्ट बसवणे पुरते. लोहित किंवा मुक्ता यांसारखे मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट विनामूल्य मिळतात.

लिपीचे दोष पाच प्रकारचे असतात. ते वेगवेगळे ओळखायला शिका.

चौकोनी डबे: मजकूर बरोबर आहे, त्या अक्षराचा आकार फॉन्टमध्ये नाही. उपाय, फॉन्ट बसवणे.

वेलांटी चुकीच्या बाजूला, जोडाक्षरे सुटी: फॉन्ट आहे, अक्षरजुळणी नाही. उपाय, एक्सपीमध्ये वरची खूण करणे किंवा स्वतःची जुळणी करणारा ब्राउझर घेणे.

सलग इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे: फॉन्टच्या जागा बदलून लिहिलेले जुने पान. उपाय, तोच फॉन्ट मिळवणे किंवा रूपांतरक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणणे.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि मागोमाग चलनाची चिन्हे, पुन्हा पुन्हा: मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे, पण ब्राउझर तो पश्चिम युरोपीय समजून वाचतो आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि त्यांतला पहिला बाइट नेहमी सारखाच, म्हणून तोच ए दर तिसऱ्या जागी येतो. उपाय, जुन्या ब्राउझरच्या 'व्ह्यू' मेनूतील 'एन्कोडिंग'मध्ये यूटीएफ-८ निवडणे.

ओळीने प्रश्नचिन्हे: इथे मूळ अक्षरेच हरवलेली असतात. मजकूर साठवताना किंवा पाठवताना चुकीच्या संकेतावलीतून गेला आणि प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसले. घरी कितीही फॉन्ट बसवले तरी हे सुधारणार नाही. संकेतस्थळ चालवणाऱ्यालाच कळवावे लागते.

४. कोरे पान: आज्ञावलीचा थर

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी तयार केली. सुरुवातीला तिचे काम किरकोळ होते, म्हणजे अर्जातली रकमेची बेरीज तपासणे, चित्र बदलणे. पण तिचा स्वभाव खुणांच्या भाषेपेक्षा वेगळा होता. तिच्यात एक जरी न कळणारी रचना आली तर त्या आज्ञावलीतली एकही ओळ चालत नाही. हिशेबाच्या भाषेला असेच असावे लागते. अर्धवट कळलेली बेरीज करण्यापेक्षा थांबणे बरे.

२०१० नंतर पाने लिहिण्याची रीत बदलली. मजकूर पानात ठेवण्याऐवजी आज्ञावली तो आणून पानात भरू लागली. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या रिॲक्टसारख्या साधनांनी ही रीत सर्वत्र पोचवली. २०१५ मध्ये भाषेची मोठी नवी आवृत्ती आली आणि तेव्हापासून दर वर्षी नव्या रचना येत आहेत. जुन्या ब्राउझरने त्यांतली एक पाहिली की तो थांबतो, आणि मजकूर आज्ञावलीतूनच येणार असल्याने पडद्यावर काहीच येत नाही. जुन्या नियमाने पान साधे दिसले असते. नव्या रीतीत ते नाहीसे होते.

म्हणून पांढऱ्या पानावर फॉन्ट, झूम, शैली हे उपाय चालत नाहीत. नवा ब्राउझर हाच उपाय, आणि तो घेण्यासाठी कार्यप्रणाली पुरेशी नवी असावी लागते. विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ मधली. फायरफॉक्सने त्या कार्यप्रणालीसाठी ११५ ही दीर्घ आधाराची आवृत्ती अधिक काळ चालू ठेवली, त्यामुळे तिथे फायरफॉक्स आधी वापरून पाहा.

एक वेगळे रिकामेपण फ्लॅशचे आहे. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार थांबवला. अनेक जुने शैक्षणिक प्रयोग आणि चित्रपाठ त्यात होते. पानाच्या मध्यभागी राखाडी चौकट दिसली आणि भोवतालचा मजकूर ठीक असला तर हे कारण शोधा. नवा संगणक घेऊनही ते चित्र परत येत नाही.

५. बंद दार: विश्वासाचा थर

पान येण्याआधी ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी गुप्त भाषा ठरवतात. तिचे नाव टीएलएस. आवृत्ती १.० ही १९९९ ची, १.२ ही २००८ ची आणि १.३ ही २०१८ ची. मोठ्या ब्राउझरांनी २०२० मध्ये १.० आणि १.१ बंद केल्या, कारण त्यांतल्या त्रुटी उघड झाल्या होत्या. विंडोज एक्सपीमधला इंटरनेट एक्सप्लोरर १.० च्या पुढे जात नाही, म्हणून आजच्या बहुतेक स्थळांशी त्याचे बोलणेच होत नाही. फायरफॉक्स ५२ ला स्वतःची व्यवस्था असल्याने तो त्याच संगणकावर १.२ बोलू शकतो.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर ज्या संस्थेची सही असते तिचे मूळ प्रमाणपत्र आपल्या संगणकात आधीपासून असावे लागते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असे एक मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाले. लेट्स एन्क्रिप्ट या विनामूल्य प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेवर विसंबलेली असंख्य स्थळे तोवर त्याच्या आधारावर जुन्या यंत्रांत उघडत होती. नवे मूळ प्रमाणपत्र न मिळालेल्या संगणकांवर आणि फोनांवर ती बंद झाली. लोकांना वाटले, रात्रीत यंत्र बिघडले. खरे तर कागदावरची तारीख उलटली होती.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे: संगणकाचे घड्याळ. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा, नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल असतो. संगणक बंद असताना घड्याळ त्यावर चालते. सेल संपला की प्रत्येक वेळी तारीख मागे जाते, कधी पार त्या यंत्राच्या जन्मवर्षाच्या आसपास. मग आजचे प्रमाणपत्र संगणकाला 'अजून सुरू न झालेले' वाटते आणि तो दार लावून घेतो. सगळी सुरक्षित स्थळे एकाच वेळी बंद झाली असतील तर आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. वर्ष चुकीचे असेल तर ते दुरुस्त करा आणि सेल बदला. संगणक बंद करून वायर काढून घेतली की हे काम घरी होते.

इथे एक इशारा आवश्यक आहे. मांडणी किंवा फॉन्टच्या दोषावर युक्ती चालते, पण सुरक्षेच्या सूचनेवर 'तरीही पुढे जा' दाबणे ही दुरुस्ती नव्हे. एक्सपीचा सुरक्षा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी. अशा यंत्रावर पाठ वाचा, पण बँकेचे व्यवहार, आधार क्रमांक किंवा पासवर्ड यांसाठी ते वापरू नका.

६. निदानाचा क्रम

आता हे थर उलट क्रमाने तपासा, कारण बाहेरचा थर बंद असेल तर आतले दिसतच नाहीत.

पहिला प्रश्न: पान उघडते का? नाही. मग सगळी स्थळे बंद की काहीच? सगळी बंद असल्यास घड्याळ. काही बंद असल्यास टीएलएस किंवा मूळ प्रमाणपत्र, म्हणजे दुसरा ब्राउझर वापरून पाहा.

दुसरा प्रश्न: पान उघडले पण कोरे आहे का? मग आज्ञावलीचा थर, म्हणजे नवा ब्राउझर.

तिसरा प्रश्न: मजकूर आहे पण विस्कटलेला का? झूम, शैली बंद करणे, वाचनाची सोय.

चौथा प्रश्न: मांडणी ठीक पण अक्षरे चुकीची का? वरचे पाच प्रकार आठवा.

कार्यप्रणालीच अपुरी ठरली तर यंत्र टाकण्याआधी प्रोसेसर पाहा. २००६ नंतरच्या कितीतरी घरगुती संगणकांत ६४ बिटांचा प्रोसेसर आहे, पण विंडोज ३२ बिटांची बसवलेली आहे. अशा यंत्रावर हलकी लिनक्स पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता चालवून पाहता येते. तिच्यात देवनागरीची सोय आणि चालू ब्राउझर मिळतो. रॅम २ गिगाबाइट किंवा जास्त असेल तर काम सुसह्य होते. प्रोसेसर खरोखरच ३२ बिटांचा असेल तर वेळ थोडा उरला आहे: डेबियन या लिनक्सची १२ वी आवृत्ती अशा यंत्रांवर बसते, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली १३ वी बसवता येत नाही.

७. टाकण्यापूर्वी

या इतिहासात एक उलटी बाजूही आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची सुमारे दहा वर्षे भारतीय भाषांतले बरेच लेखन फॉन्टच्या जागा बदलून झाले. आजच्या नव्या संगणकावर तो मजकूर वाचता येत नाही आणि शोधयंत्रालाही सापडत नाही, कारण त्याच्या लेखी तिथे मराठी नाहीच. ईओटी फॉन्टची पाने दाखवणारा इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. तुमच्या घरातल्या त्या जुन्या यंत्रात मात्र फॉन्ट आहे, तो ब्राउझर आहे, आणि कदाचित कोणीतरी साठवून ठेवलेली पाने, ग्रामवाचनालयाची यादी, एखाद्या मंडळाची स्मरणिका आहे. ते सारे नीट दाखवू शकणारे कदाचित तेच शेवटचे यंत्र असेल. म्हणून भंगारात देण्यापूर्वी विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधले देवनागरी फॉन्ट आणि साठवलेली पाने पेनड्राइव्हवर घ्या, आणि शक्य तेवढे युनिकोडमध्ये रूपांतरित करा.

तुमच्यापैकी अनेक जण उद्या संकेतस्थळे बांधतील. तेव्हा विचार करा, आपले पान न कळणारा ब्राउझर समोर आला तर वाचकाच्या हाती काय उरेल? अर्जाची शेवटची तारीख आणि निकालाची यादी एवढे तरी साध्या खुणांमध्ये, युनिकोडमध्ये, आज्ञावलीशिवाय दिसले पाहिजे. पस्तीसहून अधिक वर्षांपूर्वीचा तो पहिला नियम आजही मोडलेला नाही. तो पाळायचा की नाही, हे प्रत्येक पान लिहिणारा ठरवतो.

स्वाध्याय

१. चौकोनी डबे आणि प्रश्नचिन्हे यांतील फरक सांगा. कोणता दोष घरी दुरुस्त होतो आणि का?

२. 'कि' हे अक्षर युनिकोडमध्ये आणि कृती देवमध्ये कोणत्या क्रमाने साठवले जाते? यावरून 'अक्षरजुळणी'ची गरज स्पष्ट करा.

३. एका संगणकावर काल उघडणारी सर्व सुरक्षित स्थळे आज बंद आहेत. तपासणीचा क्रम कारणांसह लिहा.

४. तुमच्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर जावास्क्रिप्ट बंद करून जा. कोणती माहिती दिसते आणि कोणती नाहीशी होते, याची यादी करा.